सरड्याचे दात बघणारं गिऱ्हाईक

पहिला सरडा कुठला घ्यावा, असं विचारत जो माझ्या दुकानात येतो, त्याला मी त्या दिवशी काहीच विकत नाही. घरी पाठवते. कुठल्या खिडकीतून ऊन येतं, शेजारच्यांची मांजर आत-बाहेर करते का, आणि जिवंत किडे हातात धरायची घरातल्या कोणाची तयारी आहे, एवढं बघून परत या म्हणते. बरेचसे परत येत नाहीत. धंदा असा करतात का, असं माझा भाऊ मला दर भाऊबीजेला ऐकवतो. पण हा प्राणी नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो, आणि माणसाची हौस साधारण गणपतीत सुरू होऊन दिवाळीत संपते. पुढची वर्षं त्या मुक्या जिवाला कोणाच्या तरी माळ्यावर काढावी लागतात.

महाडच्या बाजारात माझा गाळा आहे. मासे, लव्हबर्ड, कुत्र्यांचं खाणं आणि अलीकडे सरडे. पुराच्या भीतीने सगळ्या टाक्या छातीच्या वर, खाली फक्त रिकाम्या बादल्या. बाहेरगावचे लोक या मांडणीला हसतात. महाडकर हसत नाहीत. त्यांच्याही दुकानात तेच असतं.

आधी एक खुलासा. रानातलं काही धरून पाळायचं नाही, हा माझा पहिला नियम. मागे कापडे गावचा एक गृहस्थ सिमेंटच्या गोणीतून घोरपडीचं पिल्लू घेऊन आला होता. खाचरात सापडलं, मुलांना हवंय, काय खायला घालू म्हणून विचारत होता. मी गोणी खालीसुद्धा ठेवू दिली नाही, वनखात्याला फोन लावायला लावला. तो माझ्यावर दोन वर्षं रुसला होता. मी विकते ते सरडे मुळात परक्या देशातल्या जातीचे, पण पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली जन्मलेले, आणि प्रत्येकाचा कागद माझ्याकडे असतो. नवशिक्याला मी एकच जात दाखवते: दाढीवाला सरडा, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. दीड-दोन फूट वाढतो, दिवसा जागा असतो, शांत, हातावर बसतो, किडे खातो आणि पालाही खातो. रागावला की गळ्याखालची कातडी फुगवून काळी करतो, म्हणून दाढीवाला.

हिरव्या इग्वानाच्या भानगडीत पडू नका, हे मी आता शहाणपणाने सांगते, पण सुरुवातीला मीच एक विकला होता. नात्याचा तरुण मुलगा होता, वीतभर हिरवंगार पिल्लू बघून हरखला. मीही विक्रीला हरखले. दोन वर्षांत ते जनावर खाटेइतकं लांब झालं आणि मुलाची आई खोलीत जायची बंद झाली. शेवटी पुण्याच्या एका जाणकार माणसाने ते नेलं म्हणून निभावलं. त्या माऊलीची माफी मी मागितली, पण तिचा चेहरा अजून विसरले नाही.

आणि तुडील गावच्या एक बाई पंचांग घेऊन आल्या होत्या. पंचांगात अंगावर पाल पडली की कुठल्या अवयवाचं काय फळ, याचं पान असतं. त्यांच्या नातीचा सरडा रोज सकाळ-संध्याकाळ खांद्यावर बसायचा. रोजचं फळ कसं धरायचं, हा त्यांचा प्रश्न. फळ पडलेल्या पालीचं असतं, बसवलेल्या सरड्याचं नसतं, असं मी ठोकून दिलं. त्या समाधानाने गेल्या आणि चार जणींना हा निर्णय सांगून आल्या. माझ्या आयुष्यातला तो एकमेव धार्मिक निर्णय.

पण या व्यवसायात मला कोणी शिकवलं असेल तर ते धाकूबाबांनी.

त्यांची सून वैशाली एकदा दुकानात आली ती रडवेली होऊनच. दिवाळी नुकतीच झाली होती. सासरे पंचाहत्तरीचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर त्यांची वाडी. जन्मभर गुरं राखली, उतारावर नाचणी-वरी केली. वाडीतली घरं एकेक करून मुंबईला गेली, आता चार दारं उघडी होती. गेल्या पावसात बाबा पाण्याला गेले असताना वहाळात, म्हणजे ओढ्यात, घसरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. त्यानंतर त्यांचा मुलगा सुभाष, जो महाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, त्याने गुरं विकली आणि वडिलांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. हात-पाय धड झाले, पण माणूस धड होईना. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे, ताटातलं अर्धं टाकायचे, आणि रोज एकच म्हणायचे की मला वर सोडा. वैशालीला धास्ती होती ती हीच, की आज ना उद्या सुभाष वैतागून सोडून येईल आणि बाबा पुन्हा त्याच वहाळात पडतील, तेव्हा बघायला कोणी नसेल.

त्यांना हाताखाली काहीतरी जिवंत हवं, हे तिचं तिलाच सुचलं होतं. सोसायटीत कुत्रा चालत नव्हता. पिंजऱ्यातलं पाखरू बाबांना पाप वाटायचं. मासा त्यांच्या मते फक्त कालवणात शोभतो. मी तिला नेहमीप्रमाणे घरी पाठवलं आणि बाबांनाच घेऊन यायला सांगितलं.

आठवड्याने बाबा सुभाष-वैशालीबरोबर आले. उंच, काटक, डोक्याला मुंडासं. दुकानभर नजर फिरवून त्यांनी सगळ्यालाच नापास केलं होतं, तेवढ्यात सरड्यांच्या टाकीतल्या एका पिल्लाने पुढचा एक पाय उचलला आणि हळूहळू हवेत फिरवला. ही यांची सवय आहे. मोठं कोणी समोर आलं की, मी लहान आहे, मला मारू नकोस, असं ते सांगतात. बाबांना मी काही सांगायच्या आत त्यांनी दोन्ही हात जोडून त्याला रामराम घातला.

मग मी माझं भाषण सुरू केलं. नवशिक्याने पिल्लू कसं निवडावं: डोळे टवटवीत, शेपटीचं बूड भरलेलं, जबडा सुजलेला नको, शेपटीखालचा भाग स्वच्छ. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते. माझं संपल्यावर त्यांनी शांतपणे एक पिल्लू उचललं आणि अंगठ्याने त्याचा जबडा उघडायला लागले. मी ओरडलेच.

"दात बगितल्याबिगर जनावर कोन घेतं गो, बाय?" बाबा म्हणाले.

गुरांच्या बाजारात दातांवरून वय कळतं, हे मला माहीत होतं. सरड्याचे दात मोजायला निघालेलं गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच बघत होते. वय कागदावर आहे म्हणून मी कागद काढला. कागद कोणीही लिहितो, दात कोणाला लिहिता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण पिल्लू खाली ठेवलं.

माझ्या मनात एक पिल्लू आधीच ठरलं होतं. नारिंगी झाक, गुटगुटीत, सगळ्यात देखणं. अशा घरात काही धोका नको म्हणून मी ते दोन दिवस बाजूला काढून ठेवलं होतं. बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला टाकीत किडे सोडायला लावले आणि अर्धा तास उभं राहून सहा पिल्लांचं जेवण बघितलं. सुभाष दोनदा घड्याळ बघून झाला. मग बाबांनी बोट दाखवलं ते मळकट रंगाच्या पिल्लाकडे. त्याच्या शेपटीचं टोक भावंडांनी चावून तोडलं होतं. असं पिल्लू मी नवशिक्याला कधी देत नाही, तसं सांगितलंही.

"ह्यानं मार खाल्लाय," बाबा म्हणाले, "तरी खायाला म्होरं येतोय. ह्यो जगंल."

काचेची पेटी, दिवा, पाण्याची वाटी, सगळं काढलं. तळाला घालायला मी बारीक पिवळी वाळू दिली. वाळूवर सरडा फार शोभतो, आणि दुकानात माझ्या सगळ्या पेट्यांत तीच होती. बाबांनी वाळूत बोटं घातली आणि ती चिमटीतून खाली सोडली. त्यांचं तोंड वाकडं झालं. गोठ्यात कोणी वाळू घालतं का, जनावर जीभ लावेल, गोणपाट घालू, असं ते म्हणाले. मी हसले. आज ते हसू आठवलं की लाज वाटते. हा वाळवंटातला प्राणी आहे, त्याला वाळूच लागते, असं मी त्यांना समजावलं आणि वर, तुम्ही गुरं जाणता, हे मी जाणते, असंही म्हणाले. बाबांनी बोटांची वाळू झटकली. परक्याच्या दुकानात वाद घालायचा नाही, ही त्यांची रीत.

निघताना मात्र ते दारात थांबले आणि आमच्या तिघांकडे बघून बोलले. "शिमग्यापातूर बगतो. ह्ये जगलं तर हितं ऱ्हातो. मेलं तर मी वर जानार, मंग मना कुनी आडवायचं नाय."

सुभाष हो म्हणून बसला. वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात अनेकांना माशांच्या जिवाची हमी दिली आहे, पण मळकट, शेपटी तुटक्या सरड्याच्या जिवावर एका माणसाचं राहणं-जाणं ठरताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पहिले तीन महिने मात्र माझा आणि वैशालीचा फोन म्हणजे नुसता आनंदीआनंद. बाबांनी सरड्याचं नाव खोंड्या ठेवलं. पहाटे उठायला लागले. दिव्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ऊन वर आलं की ते खोंड्याला हातावर घेऊन गॅलरीत बसत, आणि त्यात ते अगदी बरोबर होते, कारण काचेतून किंवा साध्या दिव्यातून हाडांना लागणारं ऊन मिळतच नाही. किडे विकत आणायचे हेही त्यांना पटेना. त्यांनी जुन्या बादलीत अंड्यांचे ट्रे उभे करून रातकिड्यांची पैदास सुरू केली. तिसऱ्या मजल्यावरून रात्रभर शेतातल्यासारखा किर्र आवाज यायला लागला, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन गेले आणि बाबांच्या हातचा चहा पिऊन परत आले. एकदा मच्छर फार झाले म्हणून बाबांनी गोठ्यात करतात तशी शेणीची धुरी केली. खालच्यांनी आग लागली म्हणून आरडाओरडा केला. सुभाषने हात जोडून निस्तरलं, पण मला सांगताना तो हसत होता. बाबा दोन भाकऱ्या खायला लागले होते.

आणि मग, शिमग्याला तीन आठवडे असताना, वैशालीचा फोन आला. खोंड्या चार दिवस खात नव्हता. आता मागचा डावा पाय ओढत चालत होता.

मी दुकान शेजारच्या कापडवाल्यांवर सोपवलं आणि गेले. खोंड्याच्या पोटावरून बोट फिरवलं. पोट घट्ट होतं, आत खडा असावा तसं. किड्यावर झडप घालताना प्रत्येक वेळी जिभेला थोडी वाळू लागली होती, ती पोटात साचली होती, आणि तिचा दाब मागच्या पायावर येत होता. वाळू माझी. सल्ला माझा. बाबांनी मला दुकानातच सांगितलं होतं. मी वैशालीला बाजूला घेऊन खरं ते सांगून टाकलं. ती खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांपुढे तो वहाळच असणार.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी म्हशी बघतो, यातलं मला कळत नाही. मग पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या अशाच प्राण्यांच्या. त्यांनी सांगितलं: वाळू आत्ताच्या आत्ता काढा, कोमट पाण्यात रोज दोनदा बसवा, पोटावरून शेपटीच्या दिशेने अगदी हलका हात फिरवा, उबेत ठेवा, तीन दिवसांत मोकळा झाला नाही तर पुण्याला आणा. मी सगळं कागदावर लिहून आतल्या खोलीत वाचून दाखवायला गेले.

बाबांनी परातीत कोमट पाणी आधीच घेतलं होतं. मनगटाच्या मागच्या बाजूने ते पाणी तपासत होते. पेटीतली वाळू सगळी बाहेर काढून तिथे गोणपाट अंथरलं होतं. खोंड्या त्यांच्या तळव्यावर पोटापर्यंत पाण्यात होता, आणि त्यांचा अंगठा त्याच्या पोटावरून मागे, मागे, मागे असा फिरत होता. पोट फुगलेल्या वासरांना त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. मी माझा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान वर केली नाही. "त्याला परसाकडं लागू दे, मंग बगू," एवढंच म्हणाले.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना चुकीचे मासे देत होते. लहान बाळाच्या आजारपणातही मी इतकी कासावीस झाले नसेन. घरी सुभाषने पुण्याची गाडी सांगून ठेवली होती. वैशाली सांगत होती की बाबा जेवत नाहीत, पण आता भिंतीकडे तोंड करून नव्हे, तर पेटीकडे तोंड करून. मला त्यातही थोडा धीर वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर झालं होतं, तेवढ्यात खालून मुंडासं आत आलं. बाबा तिसऱ्या मजल्यावरून उतरून, बाजारपेठेतून एकटे चालत आले होते. हातात वर्तमानपत्राची पुडी. मागून धापा टाकत वैशाली. त्यांच्या मागोमाग दोन गिऱ्हाइकं आत शिरली, लव्हबर्ड बघायला आलेलं जोडपं. त्यांच्यासमोर बाबांनी पुडी काउंटरवर ठेवली आणि नीट, चारही बाजूंनी उघडली. आत खोंड्याची विष्ठा होती, काळपट, बोटाच्या पेराएवढी, आणि ती फोडलेली होती. आत पिवळी वाळू चमकत होती.

"बाय, ही तुजी वाळू," बाबा म्हणाले. "परत घे."

जोडपं तिथून नाहीसं झालं. मी आधी हसायला लागले, मग रडायला लागले, आणि वैशाली आम्हा दोघांकडे बघून तेच करायला लागली. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र बाजार मारून आलेल्या माणसाचं समाधान होतं. पोट मोकळं होताच खोंड्याने दोन रातकिडे खाल्ले होते. पाय अजून जड होता, पण जमिनीवर टेकत होता. मी त्याच दुपारी दुकानातल्या सगळ्या पेट्यांतली वाळू काढली, वर ठेवलेली चार पोतीही उतरवली आणि समोर पेव्हरचं काम चालू होतं त्या गवंड्याला देऊन टाकली. तेव्हापासून माझ्याकडे सरड्याची वाळू मिळत नाही. कोणी मागितली तर मी त्याला ही गोष्ट सांगते, पुडीसकट.

पण शिमगा अजून व्हायचा होता. शिमग्याला वाडीत पालखी असते, मुंबईचे सगळे येतात, बंद दारं आठवडाभर उघडतात. बाबा म्हणाले, वर जायचं. सरडा जगला होता, बोल त्यांनीच दिला होता, तरी वैशालीच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. भरलेली वाडी, आपलं अंगण, ढोल, आपली माणसं; हे सगळं बघितल्यावर म्हातारा माणूस खाली कशाला येईल? सुभाषलाही आता विचारायचं धाडस होत नव्हतं. खोंड्याला त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलं नाही. टोपलीत गोणपाट घालून तोही पालखीला गेला.

पाच दिवस काही फोन नाही. डोंगरावर रेंज लागत नाही, हे मला माहीत होतं, पण माझं मन मानायला तयार नव्हतं. मी वैशालीच्या नंबरकडे दिवसातून दहादा बघत होते. सहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. वैशालीचा होता. मी दोनदा हॅलो केलं.

"काकू, नुसतं ऐका," ती म्हणाली आणि तिने फोन लांब धरला.

घर्र, घर्र, घर्र. मला वाटलं पुन्हा रातकिडे. मग तिनेच सांगितलं. बाबांनी इतके महिने आपली घोंगडी वर घरातच, आपल्या खुंटीवर टांगून ठेवली होती. थंडीतसुद्धा खाली आणू दिली नव्हती. काल निघताना ती त्यांनी स्वतः काढून खांद्यावर घेतली. आणि आज जेवण झाल्यावर गॅलरीच्या दाराशेजारच्या भिंतीवर बोट ठेवून सुभाषला म्हणाले, हितं खुंटी मार. सुभाषने शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन आणलं होतं. दुपारी दोनला मशीन लावल्याबद्दल सेक्रेटरी पुन्हा वर आले होते आणि खुंटी सरळ आहे का, ते लांबून बघून सांगत होते.

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि खुंटी पूर्ण बसेपर्यंत फोन कानाला लावून उभी राहिले.